मोठ्यांचे पुरावे, लहानांच्या गोळ्या

एडीएचडी म्हणजे लक्ष न लागणे आणि अतिचंचलता यांचा विकार. त्यासाठी दिली जाणारी उत्तेजक औषधे मेंदूतल्या डोपामिन या संदेशवाहक रसायनाचा प्रभाव वाढवतात. स्किझोफ्रेनिया या भास-भ्रमांच्या गंभीर मानसिक आजारावरची बहुतेक औषधे त्याच डोपामिनची वाट अडवतात. कागदावर ही दोन टोके आहेत, पण दोन्ही औषधांच्या चिठ्ठ्या एकाच मुलाच्या नावाने निघू शकतात. सातव्या वर्षी ‘लक्ष लागत नाही, एका जागी बसत नाही’ म्हणून पहिली गोळी सुरू होते आणि सतराव्या वर्षी ‘कुणीतरी माझ्याबद्दल बोलतंय’ म्हणून दुसरी. दोन्ही आजारांच्या औषध-संशोधनाला एक जुनी सवय आहे. मुलांना औषध आधी दिले जाते, त्याची रीतसर चाचणी मागाहून होते. आजचे बहुतेक वाद या सवयीतून आले आहेत.

सुरुवातीचा भाग थोडक्यात आटोपता येतो. १९३७ मध्ये अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स शहराजवळच्या एका मुलांच्या मनोरुग्णालयात ॲम्फेटामाइन या उत्तेजक औषधाच्या एका प्रकाराचा प्रयोग झाला. पाठीच्या कण्यातून हवा भरून मेंदूचा एक्स-रे काढण्याची तेव्हा पद्धत होती. त्यानंतर मुलांची डोकी भयंकर दुखत आणि त्यावर उतारा म्हणून हे औषध देऊन पाहिले गेले. डोकेदुखी फारशी थांबली नाही, पण काही मुले अभ्यासाला बसू लागली. मग ३० मुलांना औषध देऊन निरीक्षण केले, तेव्हा जवळपास निम्म्यांची शाळेतली प्रगती डोळ्यांत भरण्यासारखी होती. मुलांनी त्यांना ‘गणिताच्या गोळ्या’ असे नाव ठेवले. मिथिलफेनिडेट हे दुसरे उत्तेजक औषध १९४४ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाले आणि पन्नाशीच्या दशकात बाजारात आले, तेही मुख्यतः थकलेल्या, उदास प्रौढांसाठी. मुलांकडे ते नंतर वळले. १९७० मध्ये ओमाहा शहरातील शाळकरी मुलांना अशी औषधे मोठ्या प्रमाणावर दिली जात असल्याची बातमी छापून आली, प्रकरण थेट अमेरिकी संसदेच्या सुनावणीपर्यंत गेले आणि तेव्हापासून हा विषय तापलेला आहे.

दरम्यान आजाराचे नाव बदलत राहिले. आधी ‘किमान मेंदू-बिघाड’, मग १९६८ च्या अमेरिकी निदानपुस्तिकेत बालवयातील ‘अतिचंचल प्रतिक्रिया’, १९८० मध्ये ‘अवधान-न्यूनता’ आणि १९८७ मध्ये त्याला अतिचंचलता जोडून आजचे नाव. २०१३ च्या आवृत्तीत लक्षणे सुरू होण्याची वयोमर्यादा सातवरून बारा वर्षांवर नेली. हा बदल नुसत्या शब्दांचा नव्हता. व्याख्या सैल झाली की औषधाला पात्र ठरणाऱ्या मुलांची संख्या वाढते आणि जुन्या चाचण्यांमधली मुले व आजची मुले एकाच मापाची राहत नाहीत.

स्किझोफ्रेनियाच्या बाबतीत गोंधळ याहून मोठा होता. १९६८ च्या पुस्तिकेत ‘बालवयातील स्किझोफ्रेनिया’ या एकाच खोक्यात स्वमग्न मुलेही टाकलेली होती. १९८० मध्ये ती वेगळी काढली गेली. त्यामुळे त्याआधीचे ‘स्किझोफ्रेनिक मुलांवरचे’ औषध-अभ्यास आज वाचताना नेमकी कोणती मुले तपासली होती हेच कळत नाही. १९९० पासून एका सरकारी संशोधनगटाने तेराव्या वर्षाआधी आजार जडलेली मुले काटेकोरपणे निवडायला सुरुवात केली. अमेरिकाभरातून पाठवल्या गेलेल्या मुलांपैकी बहुतेकांचा आजार वेगळाच निघाला. उरलेल्यांपैकी २१ जणांवर १९९६ मध्ये क्लोझापाइन आणि हॅलोपेरिडॉल या स्किझोफ्रेनियावरच्या दोन औषधांची सहा आठवड्यांची तुलना झाली. क्लोझापाइन सरस ठरले, पण पुढे पांढऱ्या पेशी घटल्यामुळे किंवा झटके आल्यामुळे सुमारे एकतृतीयांश मुलांचे ते बंद करावे लागले.

खरा बदल घडवला तो कायद्याने. १९९७ मध्ये अमेरिकेने कंपन्यांपुढे गाजर धरले: औषधाचा मुलांमध्ये अभ्यास करा, विक्रीची मक्तेदारी सहा महिन्यांनी वाढवून देऊ. २००३ मध्ये सक्तीही आली. युरोपात असाच कायदा २००७ पासून लागू झाला. गाजराचा उपयोग झाला हे मान्य करायला हवे. रिस्पेरिडोन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधाला प्रौढांसाठी १९९३ मध्ये मान्यता होती, ती १३ ते १७ वयोगटातील स्किझोफ्रेनियासाठी २००७ मध्ये मिळाली. ॲरिपिप्राझोलही त्याच वर्षी आले. ओलान्झापाइन आणि क्वेटियापाइन २००९ मध्ये. मधल्या काळात डॉक्टर ही औषधे किशोरांना देतच होते, फक्त वेष्टनावरच्या माहितीत त्या वयाचा आधार नव्हता. आणि गाजर खाणार कोण, तर ज्याचे औषध अजून महाग विकले जाते तो. ज्याची मक्तेदारी कधीच संपली त्या क्लोझापाइनवर खर्च करण्याचे कारण कुणाकडेच नव्हते.

सार्वजनिक पैशातून झालेल्या दोन चाचण्यांनी मात्र कंपन्यांना न विचारावेसे वाटणारे प्रश्न विचारले. पहिली एडीएचडीची. ५७९ मुले, चार गट, १४ महिने. १९९९ मधला निष्कर्ष असा की मुख्य लक्षणांपुरते बारकाईने मात्रा ठरवून दिलेले औषध नुसत्या वर्तनोपचारापेक्षा सरस. हे वाक्य जगभर गाजले. तीच मुले तीन वर्षांनी तपासली तेव्हा गटांमधला फरक पुसला गेला होता. २००७ मध्ये छापलेला हा भाग तितका गाजला नाही.

दुसरी चाचणी २००८ ची, ८ ते १९ वर्षांच्या, स्किझोफ्रेनिया किंवा त्याच्या जवळचा आजार असलेल्या ११९ रुग्णांची. दोन नवी औषधे आणि मोलिंडोन हे एक जुने, जवळपास विसरले गेलेले औषध. आठ आठवड्यांनी वजनकाट्यावर दिसले ते असे: ओलान्झापाइनच्या गटात सरासरी सहा किलोंची वाढ, रिस्पेरिडोनच्या गटात साडेतीन किलोंच्या आसपास, मोलिंडोनच्या गटात किलोभराचीही नाही. गुण येण्यात नवी औषधे पुढे नव्हती: मोलिंडोन ५० टक्के, रिस्पेरिडोन ४६, ओलान्झापाइन ३४. ओलान्झापाइनचा गट तर मध्येच थांबवावा लागला. पंधरा वर्षांच्या मुलीचे दोन महिन्यांत सहा किलो वजन वाढते तेव्हा ती गोळी गादीखाली का सरकवते, हे वेगळे सांगायला नको. या निकालानंतर दोन वर्षांच्या आत मोलिंडोनच्या उत्पादकाने ते बाजारातून काढून घेतले.

आता ज्या निर्णयावरून सर्वाधिक भांडण झाले, त्याकडे. आजार होण्याआधीच औषध द्यावे का?

स्किझोफ्रेनिया बहुधा एका रात्रीत येत नाही. आधी काही महिने, कधी काही वर्षे, मूल बदलत जाते. नव्वदच्या दशकात मेलबर्नमध्ये या काळाचे निकष ठरवले गेले. नमुना म्हणून एक लक्षण घ्या. मुलाला आपल्या नावाने हाक ऐकू येते, तो मागे वळून पाहतो, कुणी नसते आणि ‘भास झाला असेल’ असे तो स्वतःच म्हणतो. ज्या दिवशी तो ‘भास झाला’ म्हणायचे सोडेल त्या दिवशी रेषा ओलांडली गेली. रेषेच्या अलीकडे असलेल्यांना औषध दिले तर ती ओलांडणे टळेल, ही कल्पना मोहक होती.

२००२ मध्ये मेलबर्नमध्येच ५९ तरुणांवर पहिली चाचणी झाली. रिस्पेरिडोनची अल्प मात्रा आणि बोधात्मक उपचार (विचारांवर काम करणारे समुपदेशन) मिळालेल्या ३१ पैकी तिघांना सहा महिन्यांत मनोविकृती झाली, म्हणजे त्यांनी ती रेषा ओलांडली. केवळ गरजेपुरती मदत मिळालेल्या २८ पैकी दहांना. उपचार थांबल्यावर हा फरक विरत गेला. शिवाय श्रेय गोळीचे की बोलण्याचे, हे या रचनेतून कळणार नव्हते. मग उत्तर अमेरिकेतील चाचणी, २००६ मध्ये छापलेली: ६० जण, वय १२ ते ४५, पण बरेचसे किशोरवयीन. ओलान्झापाइन घेणाऱ्या ३१ पैकी पाच जण वर्षभरात आजारी पडले, तुलनेसाठी दिलेली, औषध नसलेली निरुपद्रवी गोळी घेणाऱ्या २९ पैकी अकरा. आकडे बोलके वाटतात, पण संख्याशास्त्राच्या कसोटीला थोडक्यात उतरले नाहीत. वजनाचा फरक मात्र निःसंशय होता, औषधाच्या गटात सरासरी जवळपास नऊ किलोंची वाढ.

वादाची गोम त्या २९ जणांत आहे. औषध न मिळालेल्यांपैकी १८ जणांना वर्षभरात मनोविकृती झाल्याची नोंद नाही. म्हणजे ‘धोका आहे’ म्हणून निवडलेल्यांपैकी बहुसंख्यांना त्या काळात जो आजार होणार नव्हता, त्याचे औषध द्यायचे आणि दुष्परिणाम मात्र खरेखुरे सोसायला लावायचे. समर्थक म्हणत, ही मुले धडधाकट नव्हेत, स्वतःहून मदत मागायला आली आहेत. विरोधक म्हणत, मदत मागणे म्हणजे मेंदूत ढवळाढवळ करायला संमती देणे नव्हे, विशेषतः संमतीवर आईबापांनी सही केलेली असेल तर. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

२०११ मध्ये हे भांडण उघड्यावर आले. पंधरा वर्षे व त्यापुढील वयाच्या मुला-तरुणांवर क्वेटियापाइनची अशीच एक चाचणी मेलबर्नमध्ये आखलेली होती. अनेक देशांतील डॉक्टर आणि कार्यकर्त्यांनी नैतिकतेच्या मुद्द्यावर तक्रार केली आणि ती सुरू होण्याआधीच गुंडाळली गेली. २०१३ च्या निदानपुस्तिकेत ‘मनोविकृतीचा धोका’ हे स्वतंत्र निदान घ्यावे अशी सूचना होती. तेही मुख्य भागात न घेता ‘अधिक अभ्यास हवा’ या परिशिष्टात टाकले. त्याच वर्षी ब्रिटनच्या मार्गदर्शिकेने स्पष्ट सांगितले की केवळ धोका कमी करण्यासाठी मुलांना मनोविकृतीविरोधी औषध देऊ नये. निर्णय योग्यच. पण चाचणी बंद झाली तरी चिठ्ठीवर औषध लिहिण्याची मोकळीक डॉक्टरांना तशीच राहिली, याकडे विजयी बाजूने फारसे पाहिले नाही.

मध्यंतरी माशाच्या तेलाने आशा दाखवली. व्हिएन्नातील २०१० च्या चाचणीत ८१ मुला-तरुणांपैकी तेल मिळालेल्या ४१ जणांत दोघे आजारी पडले, इतर ४० जणांत अकरा. निर्धोक, स्वस्त, सर्वांना पटणारे. अनेक देशांत ३०४ जणांवर तोच प्रयोग केला तेव्हा दोन्ही गट सारखेच निघाले.

आणि इथे एडीएचडी पुन्हा कथेत येते. लक्ष न लागणे, अभ्यासात मागे पडणे ही स्किझोफ्रेनियाच्या पूर्वकाळाचीही लक्षणे असतात. त्या काळात मूल कदाचित उत्तेजक औषधावर असते. २००९ मध्ये छापलेल्या विश्लेषणात मुलांवरच्या ४९ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. औषधाच्या ७४३ रुग्णवर्षांत (एका रुग्णाचे एक वर्ष म्हणजे एक रुग्णवर्ष) मनोविकृती किंवा उन्मादाच्या ११ घटना, निरुपद्रवी गोळीच्या ४२० रुग्णवर्षांत एकही नाही. चाचण्यांबाहेरून आलेल्या नोंदींत मुलांनी सांगितलेले भास वाचताना अंगावर काटा येतो: अंगावर किडे, साप, अळ्या. औषध थांबवल्यावर बरेचसे भास जात. २०१९ चा १३ ते २५ वयोगटातील मोठा अभ्यास म्हणतो की उत्तेजक औषध सुरू केलेल्यांत साधारण ६६० मागे एकाला मनोविकृती झाली आणि ॲम्फेटामाइनवर हे प्रमाण मिथिलफेनिडेटच्या दुप्पट होते, ०.२१ टक्के आणि ०.१० टक्के. २०२४ मधल्या दुसऱ्या अभ्यासात ॲम्फेटामाइनच्या मोठ्या मात्रेशी धोक्याचा संबंध ठळक दिसला. अर्थात ज्यांना मोठी मात्रा लागते त्यांचा आजारच मुळात वेगळा असू शकतो, आणि अशा निरीक्षणात्मक अभ्यासातून ही गाठ पूर्ण सुटत नाही.

आजारी मुलांना निरुपद्रवी गोळीवर, म्हणजे उपचाराविना, ठेवून स्किझोफ्रेनियाच्या औषधाची चाचणी करावी की नाही, हा प्रश्न आता दुसऱ्या दिशेने सोडवला जातो आहे. ब्रेक्सपिप्राझोल या नव्या औषधाला अमेरिकेत १३ ते १७ वर्षांसाठी २०२१ च्या अखेरीस मान्यता मिळाली, तेव्हा औषध लागू पडते याचा पुरावा प्रौढांवरच्या चाचण्यांचा होता, रक्तातील मात्रेचे गणित दोन्ही वयांचे आणि सुरक्षिततेच्या नोंदी मुलांच्या. डोपामिनच्या ग्राहींना (पेशींवरच्या, डोपामिन जिथे जाऊन बसते त्या जागांना) थेट न अडवणारे, वेगळ्याच मार्गाने काम करणारे स्किझोफ्रेनियावरचे पहिले औषध तिथे सप्टेंबर २०२४ मध्ये मान्य झाले. तेही केवळ प्रौढांसाठी.