डबलडे, ॲबनर

(२६ जून १८१९ – २६ जानेवारी १८९३). अमेरिकन यादवी युद्धातील उत्तरेकडील संघराज्य सैन्याचा सेनानी. जन्म न्यूयॉर्क राज्यातील बॉलस्टन स्पा येथे. वडील युलिसिस हे वृत्तपत्रकार व काँग्रेसचे सदस्य. वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीतून १८४२ मध्ये बाहेर पडल्यावर ॲबनर तोफखान्यात दाखल झाला. मेक्सिको युद्धात (१८४६–४८) व नंतर फ्लॉरिडातील सेमिनोल आदिवासींविरुद्धच्या मोहिमेत तो होता.

१२ एप्रिल १८६१ रोजी पहाटे फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांच्या तोफांनी साउथ कॅरोलायनातील समटर किल्ल्यावर मारा सुरू केला, तेव्हा कॅप्टन डबलडे मेजर अँडरसनच्या हाताखाली दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी होता. दारूगोळा बेताचा असल्याने किल्ल्यातून उत्तर गेले ते दिवस उजाडल्यावर. त्यातली पहिली तोफ डबलडेने डागली. गोळा समोरच्या मोर्चाच्या लोखंडी उतरत्या छपरावर आपटून उसळला व वाया गेला.

१८६२ अखेर तो मेजर जनरल झाला. पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्ग येथे १ जुलै १८६३ रोजी जनरल रेनल्ड्स पडताच पहिल्या कोअरचे (अनेक डिव्हिजनांच्या सैन्यदळाचे) नेतृत्व त्याच्याकडे आले. मोठ्या शत्रुसैन्यासमोर त्याने कित्येक तास तग धरला. मात्र त्याचीच कोअर आधी मोडली, असे जनरल हॉवर्डने कळविले व सेनापती मीडने त्याच्या जागी कनिष्ठ असलेल्या न्यूटनला नेमले. हॉवर्डचा अहवाल आज बहुतेकांना अन्यायाचा वाटतो. डबलडेला पुन्हा रणांगणावरील नेतृत्व मिळाले नाही. १८७३ मध्ये तो निवृत्त झाला. समटर व गेटिसबर्गवर त्याने पुस्तके लिहिली. गेटिसबर्गविषयीच्या लेखनात मीडवरचा राग लपत नाही.

उत्तरायुष्यात तो थिऑसॉफी या गूढवादी अध्यात्मविचाराकडे वळला. थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक कर्नल ऑल्कॉट व मादाम ब्लाव्हट्‌स्की भारताकडे निघाल्यावर अमेरिकेतील संस्थेचे हंगामी अध्यक्षपद त्याच्याकडे आले. ते दोघे फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरले व गिरगावात राहिले.

त्याचे नाव सर्वतोमुखी झाले ते मात्र बेसबॉलमुळे. खेळाचा उगम शोधण्यासाठी १९०५ मध्ये नेमलेल्या मिल्स आयोगाने, डबलडेने १८३९ मध्ये कूपरस्टाउन येथे हा खेळ शोधला, असा निष्कर्ष काढला (३० डिसेंबर १९०७). त्याला मुख्य आधार ॲबनर ग्रेव्ह्ज नावाच्या वृद्ध खाण अभियंत्याच्या आठवणींचा. १८३९ मध्ये हा साक्षीदार अवघा पाच वर्षांचा होता. डबलडे त्या वर्षी वेस्ट पॉइंटला कॅडेट होता आणि नव्या कॅडेटांना पहिली दोन वर्षे सहसा रजा मिळत नसे. त्याच्या ग्रंथांत या खेळाचा दावा कोठेच नाही. आयोगप्रमुख मिल्स स्वतः डबलडेचा स्नेही, तरी हयातीत त्याच्याकडून असे काही ऐकल्याचे तो सांगत नाही. ‘बेस-बॉल’ हा शब्द १७४४ च्या एका इंग्रजी बालपुस्तकात आढळतो. त्यामुळे खेळ इंग्लंडमधील चेंडू-दांडूच्या जुन्या प्रकारांतून, बहुधा राउंडर्सच्या कुळातून, उतरला हे हेन्‍री चॅडविक या क्रीडापत्रकाराचे मत अधिक ग्राह्य दिसते. मात्र राउंडर्स हाच थेट पूर्वज, हे आता सर्वांना मान्य नाही. डबलडेच्या त्याच नावाच्या एका चुलतभावामुळे ग्रेव्ह्जचा घोटाळा झाला असावा, असा काहींचा तर्क आहे.

तरीही १९३९ मध्ये बेसबॉलचे ‘हॉल ऑफ फेम’ (नामांकितांचे स्मारक-संग्रहालय) कूपरस्टाउनलाच उघडले. तेथील मैदानाला डबलडेचे नाव आहे. हॉलच्या मानकऱ्यांत मात्र तो नाही. मृत्यू न्यू जर्सीतील मेंडम येथे झाला, दफन आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत.