लष्करी सल्लागार आणि सीडीएस: निवृत्तीनंतरच्या दोन खुर्च्या

लेफ्टनंट जनरल अनिल चौहान ३१ मे २०२१ रोजी कोलकात्याच्या पूर्व कमांडमधून निवृत्त झाले. त्यानंतर ते राष्ट्रीय सुरक्षा परिषद सचिवालयात लष्करी सल्लागार झाले. ३० सप्टेंबर २०२२ ला त्यांनी पुन्हा गणवेश चढवला, या वेळी चार ताऱ्यांचा, आणि सीडीएस म्हणजे संरक्षण दल प्रमुखपद स्वीकारलं. माणूस एकच, आणि दोन्हीकडे काम सल्ल्याचं, त्यामुळे बातम्या वाचताना या पदांची हमखास गल्लत होते.

सचिवालयातला लष्करी सल्लागार राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांच्या हाताखाली काम करतो. त्याचं म्हणणं त्यांच्यामार्फत पंतप्रधानांपर्यंत जातं. त्याच्या हाती ना सैन्य, ना खातं. ते ऐकायचं की नाही, हे वरच्यांनी ठरवायचं.

सीडीएसचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. कारगिल युद्धानंतर मंत्रिगटाने २००१ मध्ये या पदाची शिफारस केली. पुढे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना नेमलेल्या, निवृत्त लेफ्टनंट जनरल द. ब. शेकटकर यांच्या समितीनेही तेच सुचवलं. प्रत्यक्षात पहिले सीडीएस जनरल बिपिन रावत यांनी पदभार घेतला तो १ जानेवारी २०२० ला. तिन्ही दलांच्या सामायिक प्रश्नांवर सीडीएस संरक्षणमंत्र्यांचे प्रमुख लष्करी सल्लागार असतात, तिन्ही दलप्रमुखांच्या समितीचे कायम अध्यक्ष असतात आणि अण्वस्त्रांबाबत निर्णय घेणाऱ्या अण्वस्त्र कमान प्राधिकरणालाही सल्ला देतात. शिवाय ते संरक्षण मंत्रालयातल्या लष्करी व्यवहार विभागाचे सचिव असतात. माझ्या मते खरा फरक या शेवटच्या ओळीत आहे. सचिव म्हटल्यावर टेबलावर फाइल येते, तिच्यावर सही होते, आणि सल्ल्याचा सरकारी आदेश होऊ शकतो.

अर्थात या सहीलाही कुंपण आहे. शस्त्रास्त्रांची मोठी भांडवली खरेदी संरक्षण सचिवांकडेच राहिली. गंमत म्हणजे, कामकाज वाटपाच्या नियमांत ‘भारताचे संरक्षण’ आणि संरक्षण धोरण हे विषयही त्याच सनदी अधिकाऱ्याच्या विभागात आहेत. आणि तिन्ही दलांवर लष्करी कमान सीडीएसकडे नाही, अगदी दलप्रमुखांवरही नाही, हे सरकारने पद निर्माण करतानाच स्पष्ट केलं होतं.

निवृत्त अधिकारी या खुर्चीवर बसू शकला तो जून २०२२ च्या नियमबदलामुळे. रावत यांचा डिसेंबर २०२१ मध्ये कुन्नूरजवळ हेलिकॉप्टर अपघातात मृत्यू झाला आणि पद नऊ महिन्यांहून अधिक काळ रिकामं होतं. नव्या नियमाने निवृत्त लेफ्टनंट जनरलनाही पात्र ठरवलं, अट एवढीच की नेमणुकीच्या दिवशी वय ६२ च्या आत हवं. लेफ्टनंट जनरल साठाव्या वर्षी निवृत्त होतात, म्हणजे त्यांना दोन वर्षांची मुदत मिळते. उलट ६२ पूर्ण करून घरी जाणारे दलप्रमुख आपोआप बाद! हा भाग मला विचित्र वाटतो.

राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मंडळ या दोन्हींहून निराळं. तिथे सरकारबाहेरचे जाणकार बसतात. एप्रिल २०२५ च्या फेररचनेत पुण्याच्या दक्षिण कमांडचे माजी प्रमुख लेफ्टनंट जनरल ए. के. सिंग त्यात आले.