रक्ताचे अनेक मार्ग : प्राण्यांमधील रक्ताभिसरणाच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

माशाचे दोन कप्प्यांचे, बेडकाचे तीन कप्प्यांचे आणि माणसाचे चार कप्प्यांचे हृदय पाठ्यपुस्तकांत शेजारीशेजारी काढलेले असते आणि ती चित्रे ओळीने पाहताना आपण एकेक पायरी चढत आहोत असे वाटू लागते. हा समज कसा रुजला आणि कुठे अपुरा पडला हे पाहायचे, तर ज्या प्राण्यांच्या शरीरात रक्ताभिसरणाचा उलगडा झाला त्यांच्याकडे आधी वळावे लागते.

दुसऱ्या शतकातील वैद्य गेलेन यांच्या मते रक्त यकृतात तयार होई, अवयवांत खर्ची पडे आणि त्यातले काही हृदयाच्या मधल्या पडद्यातील अदृश्य छिद्रांवाटे उजवीकडून डावीकडे झिरपे. असा कोणताही रस्ता त्या पडद्यात नाही आणि रक्त फुप्फुसांतूनच डावीकडे येते, हे इब्न अल-नफीस यांनी तेराव्या शतकात लिहून ठेवले होते. तरीही युरोपात गेलेन यांचाच शब्द दीर्घकाळ प्रमाण राहिला. इंग्रज वैद्य विल्यम हार्वी यांनी रक्त शरीरात चक्राकार फिरत राहते हे मांडणारा आपला ग्रंथ 1628 मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा त्यामागे माणसाइतकाच साप, बेडूक, मासे आणि कोळंबी यांचा अभ्यास होता. उष्ण रक्ताच्या प्राण्यांचे हृदय इतक्या झपाट्याने चालते की आकुंचन कोणते आणि प्रसरण कोणते हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून त्यांनी संथ हृदयाचे प्राणी जवळ केले. जिवंत सापाची हृदयाकडे येणारी मोठी शीर चिमटीत धरली की हृदय फिकट पडून रिकामे होई आणि हृदयातून निघणारी धमनी दाबली की ते फुगून जांभळे पडे. रक्ताची दिशा इतक्या सोप्या रीतीने दाखवणारा दुसरा प्रयोग क्वचितच सापडेल. धमन्यांतले रक्त शिरांमध्ये नेमके कसे पोचते, एवढे मात्र त्यांना दाखवता आले नाही. ते 1661 मध्ये, हार्वी यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, मार्चेल्लो माल्पिगी यांनी बेडकाच्या पातळ, पारदर्शक फुप्फुसात धमन्या आणि शिरा जोडणाऱ्या सूक्ष्म केशवाहिन्या पाहिल्या तेव्हा उमगले.

कीटकांनी मात्र अभ्यासकांना बराच काळ चकवले. रेशमाच्या अळीच्या पाठीवर, त्वचेखाली एक नळी शेपटाकडून डोक्याकडे लाटेसारखी आकुंचन पावत जाताना दिसते. माल्पिगी यांनीही तिचे वर्णन केले होते. तिला जोडलेले धमन्या-शिरांचे जाळे सापडत नसल्यामुळे कीटकांत अभिसरणच नाही, असे जॉर्ज क्युव्हिए यांच्यासारख्या मातब्बर शरीररचनातज्ज्ञाने मानले. कार्ल गुस्ताव्ह कारुस यांनी कीटकांच्या अळ्यांमध्ये रक्त फिरताना पाहिले आणि 1827 मध्ये ते प्रसिद्ध केले. ही खुली रक्ताभिसरण संस्था होय. तिच्यात द्रव नळीच्या पुढच्या टोकातून देहपोकळीत सांडतो, अवयवांना थेट भिजवतो आणि नळीच्या बाजूच्या छिद्रांतून परत आत शिरतो. ही व्यवस्था संथ असूनही टोळ शेकडो किलोमीटर उडू शकतो, कारण त्याच्या स्नायूंना ऑक्सिजन पुरवण्याचे काम रक्ताकडे नसून हवा थेट आत नेणाऱ्या श्वासनलिकांकडे असते. हायड्रा किंवा चपटकृमी यांना तर रक्ताचीच गरज पडत नाही. देह इतका पातळ असतो की विसरणानेच, म्हणजे पदार्थ आपोआप पसरत जाण्यानेच, भागते.

पायऱ्यांच्या कल्पनेला पहिला धक्का मृदुकाय प्राण्यांतच बसतो. गोगलगाय आणि शिंपला खुल्या संस्थेवर चालतात, पण त्यांच्याच संघातील चपळ, शिकारी ऑक्टोपसची संस्था बंद प्रकारची असते, म्हणजे रक्त वाहिन्यांच्या आतच फिरते, आणि त्याला तीन हृदये असतात : दोन कल्ल्यांसाठी, एक उरलेल्या शरीरासाठी. त्याच्या निळसर रक्तातील तांबेयुक्त प्रथिनाला लेओं फ्रेदेरिक यांनी 1878 मध्ये हिमोसायनिन हे नाव दिले.

बेडकाच्या एकाच निलयात (हृदयाच्या खालच्या कप्प्यात) ‘शुद्ध आणि अशुद्ध रक्त मिसळते’ हे वाक्य आपण पाठ केलेले असते, पण बेडूक त्वचेनेही श्वसन करतो आणि तिथे ऑक्सिजन घेतलेले रक्त उजव्या अलिंदात, म्हणजे ‘अशुद्ध’ रक्ताच्या मानल्या गेलेल्या वरच्या कप्प्यात येते, त्यामुळे ही विभागणी त्याला जशीच्या तशी लागू पडत नाही. मगरीचे हृदय चार कप्प्यांचे असूनही तिच्या दोन महाधमन्यांना जोडणारे एक छिद्र असते. बार्तोलोमेओ पानित्सा यांनी 1833 मध्ये त्याचे वर्णन केले. आता असे दिसते की मगर फुप्फुसांकडे जाणारे रक्त गरजेनुसार वळवू शकते, म्हणजे ज्याला अपुरेपणा समजले जाई ती एक सोय आहे. पक्षी आणि सस्तन प्राणी यांची चार कप्प्यांची हृदयेही एकाच परंपरेतून आलेली नाहीत; ती स्वतंत्रपणे घडली.

सर्वांत नवलाचे उदाहरण अंटार्क्टिक समुद्रातील हिममाशाचे. योहान रूड यांनी 1954 मध्ये दाखवून दिले की या पृष्ठवंशी प्राण्याच्या रक्तात हिमोग्लोबिन नाही. त्याचे रक्त जवळजवळ रंगहीन असते आणि अतिथंड पाण्यात भरपूर विरघळणारा ऑक्सिजन ते तसाच वाहून नेते. त्यासाठी हिममाशाचे हृदय मोठे, वाहिन्या रुंद आणि रक्ताचे प्रमाण इतर माशांपेक्षा बरेच जास्त असते. कप्पे मात्र माशाचे नेहमीचेच, दोन.