ब्रीदवचने, मराठी नियतकालिकांच्या मुखपृष्ठावरील

नियतकालिकाच्या नावाखाली, पहिल्याच पानावर, प्रत्येक अंकात छापला जाणारा श्लोक, अभंग किंवा ओवी म्हणजे ब्रीदवचन. अग्रलेख बदलतो, बातम्या शिळ्या होतात, हे शब्द मात्र तसेच राहतात. पत्र कोणासाठी निघाले आणि कोणाशी बोलते, हे वाचकाला त्यांतून कळते.

4 जानेवारी 1881 रोजी पुण्यात निघालेल्या ‘केसरी’ने जगन्नाथ पंडिताचा संस्कृत श्लोक घेतला. मदांध गजराजा, या रानात क्षणभरही थांबू नकोस. हत्ती समजून मोठमोठे पाषाण नखांनी फोडणारा सिंह इथल्या गुहेत निजला आहे, असा त्याचा आशय. हत्ती कोण, हे सांगावे लागत नव्हते. पण ही गर्जना कळायला संस्कृत यावे लागे, किंवा कोणी अर्थ सांगावा लागे.

शनिवार, 31 जानेवारी 1920 रोजी मुंबईहून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ हे पाक्षिक काढले. शाहू महाराजांनी त्याला 2,500 रुपयांचे साहाय्य केले होते. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक असल्याने संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते. पैसे घेऊन तरी या पत्राची जाहिरात छापावी, ही विनंती ‘केसरी’ने नाकारली. ‘मूकनायक’च्या शिरोभागी तुकोबांचा अभंग होता :

काय करूं आतां धरूनियां भीड ।
निःशंक हें तोंड वाजविलें ॥
नव्हे जगीं कोणी मुकियांचा जाण ।
सार्थक लाजोन नव्हे हित ॥

मराठी मुखपृष्ठावर याहून नेमके वचन क्वचितच छापले गेले असेल. पत्राच्या नावातला ‘मूक’ आणि अभंगातला ‘मुका’ एकमेकांचा हात धरून उभे आहेत. ‘तोंड वाजवू नकोस’ हे आपल्याकडे दटावणीचे बोलणे आहे. वरच्याने खालच्याला, मोठ्याने धाकट्याला गप्प करण्याचे. तुकोबांनी ती दटावणी उलटवून तिचा निर्धार केला, आणि पिढ्यान्‌पिढ्या ती ऐकत आलेल्या समाजाच्या पत्राने तो निर्धार कपाळी धारण केला. ज्यांना शाळेच्या ओसरीवरही जागा नव्हती, अशा लोकांसाठी हे पत्र होते. अंक एकाने वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा. भजन-कीर्तनातून तुकोबा ज्याच्या कानी पडलेले, त्याला हे शब्द परके नव्हते. स्वतः तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली गेल्याची कथाही महाराष्ट्राला पाठ होती.

‘मूकनायक’ 1923 साली बंद पडले. 19 व 20 मार्च 1927 रोजी महाडची परिषद व चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि दोनच आठवड्यांनी, 3 एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’ निघाले. या वेळी संपादक स्वतः बाबासाहेबच होते. कित्येक अंकांचा जवळजवळ सगळा मजकूर त्यांनी एकट्याने लिहिला. मुखपृष्ठावर ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायातल्या ओव्या आल्या : ‘आतां कोदंड घेऊनि हातीं । आरूढ पां इयें रथीं ।’ त्यांतच पुढे ‘आतां पार्था निःशंकु होईं । या संग्रामा चित्त देईं ।’

‘निःशंक’ हा शब्द दोन्ही वचनांत आहे. 1920 साली तो बोलण्यासाठी होता, 1927 साली लढण्यासाठी. ज्ञानदेवांच्या अर्जुनाला स्वधर्म म्हणून युद्धाची आज्ञा आहे, कारण तो क्षत्रिय. त्याच ओव्या ‘बहिष्कृत’ या शब्दाखाली छापल्यावर पार्थ बदलतो. तळ्यावर पाण्याला हात लावून मार खाल्लेला माणूस तिथे उभा राहतो. ‘इया भारापासोनि सोडवीं । मेदिनी हे’ यातला भारही मग अस्पृश्यतेचा होतो. मूळ ओवीतले अक्षर न बदलता घडलेला हा अर्थपालट केवळ जागेमुळे झाला आहे, आणि मुखपृष्ठावरच्या शब्दांचे बळ ते हेच.

‘बहिष्कृत भारत’ नोव्हेंबर 1929 मध्ये थांबले. पुढे महाराष्ट्र शासनाने दोन्ही पत्रांचे अंक एकत्र करून ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.