फिल्मवाला ईस्टमन आणि त्याचं गुपचूप दान

फाळके त्र्यंबकेश्वरचे, त्यांनी पुढे स्टुडिओही नाशिकलाच आणला, हे आपल्याकडे शाळेतलं पोरगंही सांगेल. पण ते सिनेमा काढायला निघाले तेव्हा कोरी फिल्म कोडॅकची होती, आणि ती कंपनी काढणारा जॉर्ज ईस्टमन मात्र कुणाच्या गप्पांत येत नाही.

हा अमेरिकेत रॉचेस्टरच्या बँकेत क्लार्क. फोटोचा नाद लागला, पण तेव्हा काचेला केमिकल लावायचं, ते वाळायच्या आत फोटो घ्यायचा आणि तिथल्या तिथे धुवायचा, म्हणजे तंबू, बाटल्या, सगळं बिऱ्हाड पाठीवर. जिलेटिनचा थर वाळला तरी चालतो, म्हणून वैतागून हा रात्री आईच्या किचनमध्ये जिलेटिन शिजवायला लागला.

जिलेटिन म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्याचं, त्यात सिल्व्हर ब्रोमाइडचे, म्हणजे चांदीच्या एका संयुगाचे, बारीक कण. उजेड पडला की कणात चांदीचे मोजकेच अणू सुटे होतात, डोळ्याला काही दिसत नाही, मग डेव्हलपर, म्हणजे फोटो धुवायचं केमिकल, नेमक्या त्याच कणांची पूर्ण चांदी करतो आणि तो भाग काळा पडतो. गंमत म्हणजे काही जिलेटिनवर फोटो झटकन उठायचा, काहीवर नाही. कारण सापडलं १९२० च्या दशकात, कोडॅकच्याच लॅबमध्ये: गंधकाची संयुगं, जी जनावरांनी खाल्लेल्या मोहरीसारख्या झाडपाल्यातून आलेली! म्हणजे फिल्म किती फास्ट हे गाय काय चरली त्यावर.

१८८८ चा कोडॅक कॅमेरा २५ डॉलरला, आत १०० फोटोंचा रोल, संपला की अख्खा कॅमेराच कंपनीकडे पाठवायचा. १९०० ला कंपनीचा ब्राउनी कॅमेरा आला, फक्त १ डॉलर. अर्थात साहेब काही संत नव्हते, हॅनिबल गुडविन नावाच्या पाद्र्याने फिल्मचं पेटंट आधी मागितलं होतं, ती केस कोडॅक हरली आणि १९१४ ला ५० लाख डॉलर भरले.

पैसा वाटला मात्र मोकळ्या हाताने. रॉचेस्टरला म्युझिक स्कूल, कृष्णवर्णीयांच्या टस्कीगी कॉलेजला मदत, लंडन, रोम, पॅरिसमध्ये पोरांसाठी दातांचे दवाखाने. आपल्याकडे देवळाच्या पायरीवरसुद्धा देणगीदाराचं नाव कोरतात, आणि या माणसाने एमआयटी या अमेरिकेतल्या नामांकित इंजिनिअरिंग कॉलेजला लाखो डॉलर दिले ते 'मिस्टर स्मिथ' या नावाने, १९२० पर्यंत पत्ता लागू दिला नाही. आता तिथे त्याच्या चेहऱ्याची धातूची पाटी आहे, आणि परीक्षेत नशीब साथ देतं म्हणून पोरं तिचं नाक घासून घासून चकचकीत करतात.