सीएसआरचा पैसा, ‘स्थानिक क्षेत्र’ आणि खानदेश: पार्श्वभूमी

सीएसआर म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी: नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामाला द्यायचे, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. खानदेशात त्याआधीचा प्रश्न येतो: हे बंधन इथे मुळात कोणावर आहे? कंपनी कायदा २०१३ चे कलम १३५ फक्त कंपन्यांना लागू होते, आणि त्यांतही नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एक तरी निकष गाठणाऱ्यांना. सहकारी साखर कारखाने आणि सूतगिरण्या कंपन्या नाहीत. जळगावच्या डाळमिल आणि चटई उद्योगातले बरेचसे कारखाने भागीदारीचे किंवा ५ कोटी नफ्याच्या खालचे. भुसावळची रेल्वे हे सरकारी खाते आहे. भुसावळ आणि वरणगावचे आयुध कारखानेसुद्धा १ ऑक्टोबर २०२१ रोजी सरकारी कंपन्यांकडे जाईपर्यंत खात्याचेच होते. म्हणजे धूर, पाणी आणि जमीन इथली, तरी कायद्याच्या नजरेत देणेकरी थोडेच.

कायद्याआधीही इथे उद्योगाचा पैसा समाजात येत होता. अमळनेरला गिरणीमालकाच्या देणगीतून तत्त्वज्ञानाची संस्था (१९१६) आणि पुढे महाविद्यालय (१९४५) उभे राहिले. मात्र तो दात्याच्या मर्जीचा व्यवहार होता. त्यात अर्ज, करार, हप्ता, उपयोगिता प्रमाणपत्र यांतले काहीच नव्हते. केंद्र सरकारची ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वे २००९ च्या अखेरीस आली, केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांसाठी वेगळी तत्त्वे २०१० मध्ये आली आणि कलम १३५ प्रत्यक्षात लागू झाले १ एप्रिल २०१४ पासून.

खानदेशाच्या दृष्टीने या कलमातले सगळ्यात वादाचे वाक्य उपकलम ५ च्या परंतुकात आहे. कंपनी जिथे काम करते त्या स्थानिक क्षेत्राला आणि आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे, असे ते सांगते. ‘स्थानिक क्षेत्र’ म्हणजे किती किलोमीटर, याची व्याख्या कायद्यात नाही आणि २०१४ च्या नियमांतही नाही. ‘काम करते’ म्हणजे काय, हेही मोकळेच. नोंदणीकृत कार्यालय, कारखाना, गोदाम की विक्रीचे जाळे? रावेर-यावलची केळी किंवा शिरपूर-चोपड्याचा कापूस व्यापाऱ्यामार्फत उचलणारी कंपनी कागदावर खानदेशात कामच करत नाही. साक्री तालुक्यात पवनचक्क्या उभ्या असलेली कंपनी मात्र नक्कीच करते. तरी पवनचक्क्यांची मालकी अनेक गुंतवणूकदारांत विभागलेली असली की प्रत्येकाचा नफा आणि प्रत्येकाचे मुख्यालय वेगळे. गावाने मागायचे कोणाकडे, हे ग्रामपंचायतीला कळत नाही.

व्यवहारात बहुतेक कंपन्यांनी सोपा अर्थ लावला: कारखान्याच्या भोवतीची गावे आणि मुख्यालयाचे शहर. त्यामुळे महाराष्ट्र सीएसआर खर्चात देशात पुढे राहिला, पण पैसा मुंबई, ठाणे, पुणे, रायगड या पट्ट्यात साचला. जिथे गरज आहे तिथे कारखाना नाही, आणि जिथे कारखाना आहे तिथे दहा संस्था आधीच रांगेत. नंदुरबार हे याचे ठळक उदाहरण. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत आला. महाराष्ट्रातून त्या यादीत चारच जिल्हे होते: नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि तेव्हाचे उस्मानाबाद.

त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांना सांगण्यात आले की सीएसआरचा सुमारे ६० टक्के खर्च वर्षाच्या ठरलेल्या विषयावर करा आणि आकांक्षित जिल्ह्यांना प्राधान्य द्या. त्या वर्षीचे विषय शालेय शिक्षण आणि आरोग्य होते. सातपुड्यातल्या काही आश्रमशाळांपर्यंत आणि आरोग्य उपकेंद्रांपर्यंत बाहेरच्या कंपन्या पोहोचायला यातून निमित्त मिळाले. दुसरी गोष्ट, स्थानिक प्राधान्याचा राष्ट्रीय अग्रक्रमांशी मेळ घालावा, असे केंद्राच्या उच्चस्तरीय समितीने २०१९ च्या अहवालात सुचवले. २५ ऑगस्ट २०२१ च्या प्रश्नोत्तर परिपत्रकात तर स्पष्टच आले की स्थानिक क्षेत्राचे प्राधान्य दिशादर्शक आहे, बंधनकारक नाही.

या खुलाशावर मतभेद आहेत आणि ते खरे आहेत. कारखान्याशेजारच्या गावांचे म्हणणे असे की प्रदूषण आम्ही सोसतो, आमचा हक्क एका परिपत्रकाने पातळ झाला. ते चूक म्हणता येत नाही. पण खानदेशाचा, विशेषतः नंदुरबारमधल्या अक्कलकुवा-धडगावचा हिशोब वेगळा आहे. तिथे कारखानाच नाही, त्यामुळे कडक अर्थ लावला तर वाट्याला शून्य येते. सैल अर्थानेच दार उघडते. अडचण अशी की दार उघडे असल्याचे कंपनीच्या सीएसआर विभागाला बऱ्याचदा माहीत नसते. प्रस्तावात या परिपत्रकाचा आणि आकांक्षित जिल्ह्याचा उल्लेख पहिल्या पानावरच करावा. ‘आमचे तिथे युनिट नाही’ हे उत्तर त्यामुळे निदान चर्चेला तरी येते.

भागीदारीची आजची कागदी रचना २२ जानेवारी २०२१ च्या नियमदुरुस्तीतून आली. १ एप्रिल २०२१ पासून संस्थेला सीएसआर-१ अर्ज भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. तो सनदी लेखापाल, कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंटने प्रमाणित केलेला असावा लागतो. आयकर सवलतीची १२अ आणि ८०जी नोंदणी लागते, शिवाय तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव. प्रत्यक्षात कंपनी याखेरीज धर्मादाय कार्यालयाचे नोंदणीपत्र, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, विवरणपत्रे आणि विश्वस्तांची चालू यादी मागते. लहान संस्था अडकतात त्या शेवटच्या कागदापाशी. विश्वस्त बदलले, पण बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात प्रलंबित राहिला, की बँकेतल्या सह्या आणि नोंदणीतली नावे जुळत नाहीत आणि फाइल परत येते.

प्रशासकीय खर्चावरची ५ टक्क्यांची मर्यादा हा दुसरा गोंधळ. ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर आहे. २०१४ च्या नियमात संस्थेची क्षमताबांधणीही त्याच टोपलीत होती, म्हणून गैरसमज रुजला. आजही संस्थेच्या हिशोबनिसाचा पगार ‘पाच टक्क्यांत बसत नाही’ म्हणून कापला जातो. कार्यकर्ता, प्रवास, देखरेख हा थेट प्रकल्पखर्च असतो. अंदाजपत्रकात तो ‘प्रशासकीय’ या शीर्षकाखाली टाकूच नये, उपक्रमानुसार दाखवावा.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र कॅलेंडर करते. कंपनीचे हिशोब मार्चअखेर मिटतात, नफ्याचा आकडा मे-जूनपर्यंत ठरतो, समिती आणि संचालक मंडळाची मंजुरी ऑगस्ट-सप्टेंबरला मिळते, करार होऊन पहिला हप्ता दिवाळीच्या आसपास पडतो. नेमकी त्याच वेळी धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरची कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत निघतात. कामाआधीच्या पायाभूत पाहणीला गेलेल्यांना म्हातारीकोतारी आणि लहान मुले भेटतात. माणसे परततात होळीला, म्हणजे मार्चमध्ये, जेव्हा कंपनीचा लेखा विभाग बिले मागत असतो. भोंगऱ्या बाजार आणि होळीच्या दिवसांत ग्रामसभा बसत नाही. पेसा क्षेत्रात, म्हणजे ग्रामसभेला खास अधिकार असलेल्या आदिवासी भागात, ग्रामसभेच्या ठरावाशिवाय काम सुरू करणे म्हणजे वाद ओढवून घेणे. मग साहित्य मार्चमध्ये उतरते, मजूर मेमध्ये मिळतात आणि बंधाऱ्याचे काँक्रीट पहिल्या पावसाला सापडते.

संस्थेच्या खात्यात पैसे टाकले म्हणजे खर्च झाला, असे २०२१ नंतर धरता येत नाही. ते वापरले गेल्याचे कंपनीच्या मुख्य वित्त अधिकाऱ्याला प्रमाणित करावे लागते. एक वर्षाचा प्रकल्प ३१ मार्चला अपुरा राहिला, तर उरलेली रक्कम सहा महिन्यांच्या आत कंपनी कायद्याच्या अनुसूची ७ मधल्या सरकारी निधीत जाते आणि गावाच्या हातून निसटते. यावर उपाय त्याच दुरुस्तीत आहे. संचालक मंडळाने प्रकल्प सुरुवातीलाच ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर केला, तर सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षे मिळतात आणि शिल्लक रक्कम ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या खात्यात ठेवता येते. सातपुड्यातल्या पाणी, शेती किंवा शिक्षणाच्या कोणत्याही कामासाठी हाच प्रकार मागावा. पहिला हप्ता पाहणी आणि ग्रामसभांपुरता, सुमारे दहा-पंधरा टक्के ठेवावा. पाहणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, भिली किंवा पावरी बोलणाऱ्या स्थानिक मुलामुलींकडून करून घ्यावी. ‘मासिक उत्पन्न किती’ हा प्रश्न तिथे निरर्थक ठरतो, कारण उत्पन्न उचल म्हणून एकदम येते आणि हंगामभर फिटते. हंगामवार विचारले तर उत्तर मिळते.

पाण्याच्या कामात आणखी एक सावधगिरी. कायद्याच्या आधीच गाजलेला शिरपूर पॅटर्न, म्हणजे नाले रुंद-खोल करून बिनदरवाज्याचे सिमेंट बंधारे, देणगीदारांना आवडतो, कारण घनमीटर मोजता येतात आणि फोटो चांगला येतो. तापीच्या गाळपट्ट्यात चिकणमातीचा थर फोडून पाणी खाली उतरवणे हा त्यामागचा विचार आहे. सातपुड्याच्या किंवा साक्रीच्या कातळात तेच खोलीकरण नकलून उपयोग नाही. खडक लागतो, खर्च दुप्पट होतो आणि शेजारच्या विहिरीचे पाणी नाल्यात उतरू शकते. भूजल तपासणीचा खर्च अंदाजपत्रकात आधी धरावा.

वनजमिनीवरच्या कामांना वनहक्क कायद्याचे कलम ३(२) लागू होते: शासनाने चालवायच्या तेरा प्रकारच्या सुविधा, प्रत्येकी एक हेक्टरच्या आत, आणि ग्रामसभेची शिफारस. कंपनीच्या पैशातली टाकी किंवा अंगणवाडी तिथे बांधायची तर ती ग्रामपंचायत किंवा विभागामार्फतच उभी करावी लागते.

मालमत्तेची मालकीही २०२१ नंतर कंपनीकडे राहू शकत नाही. ती नोंदणीकृत संस्थेकडे, लाभार्थ्यांच्या गटाकडे किंवा सार्वजनिक प्राधिकरणाकडे जाते. सौरपंपाच्या बाबतीत गट हा पर्याय सोयीचा पडतो, पण कंट्रोलर बिघडला की दुरुस्तीचा खर्च कोणाचा, हे करारात लिहिलेले नसते. संस्थेच्या कायम निधीत पैसे टाकून ठेवणे आता सीएसआर खर्चात मोजले जात नाही. म्हणून खरेदीच्या आदेशातच पाच वर्षांची देखभाल घ्यावी आणि हस्तांतरणाच्या आधी गटाचे बँक खाते उघडून पहिल्या दोन-तीन महिन्यांची पाणीपट्टी जमा झाल्याचे पासबुक पाहावे.