मुकं विमान

मिरगाचा पाऊस धो धो सुरू झाला की कोकणात आधी दोन गोष्टी जातात, वीज आणि टीव्ही. वीज का जाते ते वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. वीज असूनही टीव्ही जातो, कारण छपरावरच्या छत्रीकडे येणाऱ्या लहरी पावसात अडतात. म्हणून वादळी हवेत एखाद्या छोट्या विमानाचा रेडिओ गप्प झाला असं ऐकलं की आपण तोच हिशेब लावतो. तो साफ चुकतो.

छत्रीवर येणाऱ्या लहरीची लांबी साधारण अडीच सेंटीमीटर, आणि पावसाचा थेंब काही मिलिमीटरचा. दोघांच्या आकारात फार तफावत नसली की थेंब लहरीतली ऊर्जा शोषतात, उरलेली इकडेतिकडे उधळतात. विमानाचा रेडिओ चालतो ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. तिथे लहरीची लांबी अडीच मीटरच्या आसपास, म्हणजे शंभरपट. एवढ्या लहरीच्या वाटेत थेंब आला काय, न आला काय.

मग रेडिओ जातो कशाने? कोकणात विचाराल तर आधी डोंगराने आणि उंचीने. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. पृथ्वीच्या गोलाईपलीकडे किंवा कड्याआड असलेल्याला त्या ऐकू येत नाहीत. हिशेब सोपा आहे: विमानाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१ने गुणा. उत्तर येतं किलोमीटरमध्ये. १५०० मीटरवरून आवाज सुमारे १६० किलोमीटर पोचतो, ३०० मीटरवरून जेमतेम ७०. समोरचा अँटेना उंचावर असेल तर थोडी भर पडते, इतकंच.

आता मे महिन्याची अखेर डोळ्यांसमोर आणा. गोव्याहून मुंबईकडे किनाऱ्याकिनाऱ्याने निघालेलं एका इंजिनाचं, चार आसनांचं विमान. डावीकडे समुद्र, उजवीकडे सह्याद्री. दुपार कलली तशी घाटमाथ्यावर वळवाची काळी भिंत उभी राहिली आणि पश्चिमेकडे सरकू लागली. नजरेच्या भरवशावर उडणाऱ्या पायलटला ढगात शिरायची मुभा नसते, जमीन दिसत राहायला हवी. ढगांचा तळ खाली आला की तोही खाली येतो. आणि दर शंभर मीटरला त्याचा आवाज आखूड होत जातो. रत्नागिरीपासून मुंबई सरळ रेषेत सुमारे २३५ किलोमीटर, गोव्याचा दाबोळी विमानतळ १९०च्या घरात. रत्नागिरीच्या आसपास तीनशे मीटरवर आलेल्या विमानाला पुढची मुंबई ऐकू येत नाही आणि मागचा गोवाही. त्यात एखादा सडा (कातळाचं पठार) किंवा डोंगराचं नाक मध्ये आलं तर जवळचंही तुटतं. यंत्र धडधाकट, पायलट शहाणा, तरी शांतता. दिसायला हवं असेल तर खाली जा, बोलायला हवं असेल तर वर जा, असा हा पेच आहे. अशा वेळी मदत बहुधा वरूनच येते. दहा-साडेदहा किलोमीटर उंचीवरच्या प्रवासी विमानाचा आवाज चारशे किलोमीटरपर्यंत जातो. त्यांचे पायलट १२१.५ मेगाहर्ट्झ ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी ऐकत असतात आणि निरोप पुढे पोचवतात.

गंमत अशी की त्याच वेळी खाली बंदराकडे परतणारे ट्रॉलर त्याला डोळ्यांनी दिसत असतात. त्यांच्याकडेही वायरलेस आहे, त्यांची हाकेची फ्रिक्वेन्सी १५६.८ मेगाहर्ट्झ. पण बोलणं होत नाही. पट्टा वेगळा, आणि पद्धतही वेगळी: बोटीचा संच एफएम, विमानाचा एएम. जुनी, खरखरीची एएम पद्धत विमानांनी सोडली नाही याचं एक चांगलं कारण आहे. एफएमवर दोघे एकदम बोलले तर जोरकस आवाज दुसऱ्याला पार गिळतो, आणि कुणीतरी गिळलं गेलंय हे कळतही नाही. एएमवर अशा वेळी शिट्टीसारखा कर्कश सूर येतो. निदान दुसरं कुणी बोलतंय एवढं कळतं. पण काय बोलतंय ते नाही. २७ मार्च १९७७ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमानांची धावपट्टीवर टक्कर होऊन ५८३ माणसं गेली. त्याआधी काही क्षण, ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ अशा अर्थाचा निरोप नेमका अशाच शिट्टीत बुडाला होता.

वादळाचा वाटा अगदीच नाही असं नाही. वीज कडाडली की मिडियम वेव्हवरची आकाशवाणी करकरते, हे आपण लहानपणापासून ऐकलंय. विजेची रेडिओ-ऊर्जा खालच्या फ्रिक्वेन्सींवर जास्त असते, वर कमी होत जाते, म्हणून विमानाच्या बोलण्याला त्रास तुलनेने थोडा. जुन्या विमानांत जमिनीवरच्या रेडिओ-केंद्राची दिशा दाखवणारी एक सुई असते. ती मात्र खालच्या पट्ट्यावर चालते आणि वादळात केंद्र सोडून विजेकडे वळते. बिचारीला तेच केंद्र वाटतं. पाऊस आणि बर्फाचे कण पत्र्यावर आपटून विमानावर विद्युतभार साठतो ते वेगळंच. तो टोकदार कडांवरून गळू लागला की कानात फसफस सुरू होते. पंखांच्या मागच्या कडेला दाढीच्या केसांसारख्या काड्या दिसतात ना, त्या हा भार गुपचूप सोडून देण्यासाठी.

आणि माणूस. सुटलेला हेडसेटचा प्लग, गुडघा लागून कमी झालेला आवाज, चुकीचा आकडा, बोलायचं बटण दाबलेलंच राहणं. झटके देणाऱ्या हवेत हे सगळं सहज होतं. बटण अडकलं तर एकटं ते विमानच नाही, त्या फ्रिक्वेन्सीवरचे सगळेच मुके होतात.

खरोखर काळजीचा प्रकार म्हणजे अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणारं यंत्र, जाणं. मग बॅटरीवर अर्धा तास, फार तर थोडं जास्त. पण इंजिन बंद पडत नाही. अशा विमानांच्या इंजिनाला ठिणगी देणारा मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः तयार करतो, बॅटरीशी त्याचं देणंघेणं नाही. पारंपरिक वेगमापक आणि उंचीमापक हवेच्या दाबावर चालतात, होकायंत्राला तर काहीच लागत नाही. सगळे दिवे मालवले तरी विमान उडत राहतं. म्हणूनच पायलटला शिकवलेला क्रम असा: आधी विमान सांभाळ, मग कुठे जायचं ती दिशा धर, बोलणं सगळ्यात शेवटी.

बोलता येत नसेल तर तो ट्रान्सपाँडरवर, म्हणजे रडारला आपोआप उत्तर देणाऱ्या यंत्रावर, ७६०० हा आकडा लावतो. रडारच्या पडद्यावर कळतं की याचा रेडिओ गेलाय. पलीकडून उत्तर नसलं तरी तो आपला बेत बोलून दाखवतो, कारण कान गेले असले तरी तोंड शाबूत असू शकतं. नजरेने उडत असेल तर तसंच राहून जवळच्या योग्य धावपट्टीवर उतरायचं.

ढगात, यंत्रांच्या भरवशावर उडणाऱ्यासाठी नियम मला फार आवडतो. शेवटची मिळालेली उंची आणि वेग काही मिनिटं तसाच ठेवायचा, जिथे रडार आहे तिथे ७ मिनिटं, नाही तिथे २०, आणि मग आधी लिहून दिलेल्या आराखड्याप्रमाणेच जायचं. ठरल्या वेळी उतरू लागायचं आणि अर्ध्या तासाच्या आत टेकायचं. म्हणजे हुशारी दाखवायची नाही. खाली बसलेल्या कंट्रोलरला हे पाठ असतं. तो आवाज न ऐकता ओळखतो की आता ते विमान कुठे असेल, आणि तेवढा आकाशाचा तुकडा मोकळा ठेवतो.

विमान टॉवरच्या नजरेत आलं की लाइट गन निघते, लांबनळीची बॅटरीच जणू. स्थिर हिरवा म्हणजे उतर. स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट दे, घिरट्या घाल. लुकलुकता लाल म्हणजे इथे उतरू नकोस, धोका आहे. कळलं हे सांगायला पायलट दिवसा पंख डावी-उजवीकडे हलवतो. खालून बघणाऱ्याला वाटतं, रामराम करतोय. उतरायच्या शेवटच्या टप्प्यात मात्र टॉवरही त्याची अपेक्षा धरत नाही. तेव्हा पायलटचे हात रिकामे नसतात.